उंटाची लांब तिरकी वाट

28 जुलै 2025. जॉर्जियातलं बाटुमी शहर. महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय. पांढरी मोहरी कोनेरू हम्पीकडे, काळी नागपूरच्या 19 वर्षांच्या दिव्या देशमुखकडे. आधीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, टायब्रेकचा पहिला जलद डावही. दुसऱ्या डावात हम्पीनं कॅटलन ओपनिंग मांडली.

हे नाव 1929च्या बार्सिलोना स्पर्धेतलं. आपल्या कॅटलोनिया प्रांताच्या सन्मानार्थ एखादी नवी मांडणी खेळावी, अशी आयोजकांची विनंती होती. साव्हिएली टार्टाकोव्हरनं ती पुरी केली.

या मांडणीत वजिरापुढचं आणि त्याच्या शेजारच्या उंटापुढचं प्यादं दोन-दोन घरं पुढे जातं. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं मात्र एकच घर सरकतं आणि त्याच्या मागच्या घरात उंट बसतो. तिथून त्याची तिरकी वाट थेट काळ्याच्या वजिराकडच्या हत्तीपर्यंत जाते. मधल्या प्याद्यांनी ती अडवलेली असते, तोवर उंट शांत असतो. पेच काळ्यापुढे असतो. पुढे आलेलं पांढरं प्यादं मारलं, तर उंटाची वाट मोकळी होते. न मारलं, तर स्वतःचीच मोहरी अडकून पडतात.

उंटाची ही चाल आपल्याला परकी नाही. देशी बुद्धिबळात पहिल्याच चालीत दोन घरं जाण्याची मुभा प्रत्येक प्याद्याला नव्हती, त्यामुळे उंट असा बाजूनं काढणं सहज घडे. एकोणिसाव्या शतकात कोलकात्याचे महेशचंद्र बंदोपाध्याय जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूविरुद्ध याच वळणाचे डाव खेळले. ‘इंडियन डिफेन्स’ या ओपनिंगच्या नावामागे तेच डाव आहेत.

दिव्यानं कॅटलनचा दाब सोसला. पुढे घड्याळ हम्पीला अडचणीत आणू लागलं, चुका झाल्या आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला. एकूण निकाल 2.5–1.5. स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेली, ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म हाती नसलेली दिव्या या विजयानं थेट भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली.

बीड, अंबाजोगाई, परळीतल्या ज्या घरांत मुलं पट मांडून बसतात, तिथल्या पालकांनी हा डाव मुलांसोबत काळ्याच्या बाजूनं मांडावा. चाली पाठ करून घेऊ नयेत. प्रत्येक चालीपाशी थांबून विचारावं: हे मोहरं इथंच का आलं? उत्तर मुलांना शोधू द्यावं.