मेडिकल असिस्टंट : काम किती, अधिकार किती?

अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी रुग्णाला बहुधा मेडिकल असिस्टंट भेटतो. नाडी, ताप, रक्तदाब पाहणे, ईसीजी काढणे, रक्ताचे नमुने घेणे आणि बहुतेक राज्यांत इंजेक्शन देणे ही त्याची कामे. निदान करणे, औषध लिहून देणे त्याच्याकडे नाही. ते अधिकार असलेला फिजिशियन असिस्टंट वेगळा. पण हे अधिकार नाहीत म्हणून मेडिकल असिस्टंटचे काम वरकाम ठरत नाही. रक्तदाबाचा पट्टा दंडाला लहान पडला, तर आकडा उगाच चढतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) पुढच्या नळीत उतरले, तर पोटॅशियम वाढलेले दिसते. डॉक्टर उपचार ठरवतात ते याच आकड्यांवर. तरीही बहुतेक राज्ये परवाना मागत नाहीत (वॉशिंग्टन राज्य अपवाद). प्रमाणपत्राचा आग्रह असतो तो नोकरी देणाऱ्याचा.