कार्यालयीन आरोग्य उपक्रम : शिबिरापलीकडील वैद्याचे कर्तव्य

बँका, विमा कंपन्या व संगणक क्षेत्रातील संस्था यांच्याकडून आरोग्य शिबिरासाठी वैद्यांना निमंत्रण येणे आता नवे राहिलेले नाही. सकाळी रक्तदाब व रक्तशर्करा तपासली जाते, प्रकृतिपरीक्षणाची प्रश्नावली भरून घेतली जाते, दिनचर्येवर व्याख्यान होते आणि सायंकाळी शाल-श्रीफळ घेऊन वैद्य घरी परततो. प्रस्तुत लेखकानेही अशी अनेक शिबिरे घेतली आहेत. त्यांतून काय साधते आणि काय साधावयास हवे, याचा विचार येथे केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका कार्यालयात लागोपाठ दोन वर्षे शिबिर घेण्याचा योग आला. पहिल्या वर्षी मलावष्टंभ, अम्लपित्त व कटिशूल या तक्रारी प्रामुख्याने आढळल्या. त्यानुसार औषधे दिली. दुसऱ्या वर्षी बहुतेक तीच माणसे त्याच तक्रारी घेऊन आली. वारंवार मूत्रदाह होणाऱ्या एका भगिनीस पाण्याविषयी विचारले असता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पाणी मी मुद्दामच कमी पिते. बायकांचे स्वच्छतागृह दोन मजले खाली आहे, आणि जागेवरून उठले की साहेब घड्याळाकडे पाहतात." आदल्या वर्षी मी त्यांना चंद्रप्रभा वटी दिली होती, हा प्रश्न मात्र विचारला नव्हता.

हेतू कार्यालयातच

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. प्रमेहाच्या हेतूंत आस्यासुखाचा, म्हणजे सुखाने बसून राहण्याचा, स्पष्ट उल्लेख आहे. वेगधारण, आस्यासुख, विषमाशन आणि रात्रपाळीतील जागरण हे हेतू कार्यालयात रोज आठ-नऊ तास घडत असतात. निदानपरिवर्जन न करता केलेली चिकित्सा टिकत नाही, हे आपण रुग्णालयात पाळतो. शिबिरात मात्र विसरतो.

आधुनिक संशोधनाची साक्षही हीच आहे. जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृद्रोगाचे प्रमाण अधिक आढळले.

दुसरा अभ्यास आपल्याला नम्र करणारा आहे. अमेरिकेतील एका मोठ्या विक्रीसंस्थेच्या १६० केंद्रांतील सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. काही केंद्रांत आहार-व्यायामाचे वर्ग घेतले गेले. अठरा महिन्यांनंतर तेथील कर्मचारी अधिक व्यायाम करीत असल्याचे सांगत होते. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी व वैद्यकीय खर्च यांत लक्षणीय फरक दिसला नाही. ही केंद्रे म्हणजे आपल्याकडील कार्यालये नव्हेत, हे खरे. तथापि केवळ उपदेशाने फारसे साधत नाही, हा बोध घेण्यास हरकत नसावी.

वैद्यांनी काय करावे?

१. शिबिरापूर्वी एक दिवस कार्यालय पाहावे. खुर्ची, संगणकाच्या पडद्याची उंची, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, जेवणाची वेळ व पाळ्यांची रचना यांची नोंद करावी. हे त्या जागेचे रोगीपरीक्षणच होय.

२. व्यायाम अर्धशक्तीने सांगावा. कपाळ, नाक व काखेत घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे ही त्याची मर्यादा. आयुष मंत्रालयाने आणलेला पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' हा योगक्रम खुर्चीपाशी करता येतो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या आठवड्याच्या किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाची जागा तो घेऊ शकत नाही. हृद्रोगी व अनियंत्रित रक्तदाबाच्या रुग्णांची आधी स्वतंत्र तपासणी करावी.

३. सवयी पादांशक्रमाने बदलाव्यात. दिवसाला आठ कप चहा घेणाऱ्यास प्रथम सहावर आणावे. एकदम केलेला निषेध आठवडाभरही टिकत नाही.

४. कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती व्यवस्थापनास देऊ नये. नोकरीची भीती असेल तर रुग्ण खरे सांगत नाही.

५. तीन महिन्यांनी व वर्षाने वजन, कटिपरिघ व रक्तदाब पुन्हा मोजावा. पुनर्तपासणीची तयारी नसेल, तर शिबिराचे निमंत्रण विनयाने नाकारावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

शिबिरासोबत औषधसंच विकण्याचे प्रस्ताव येतात. व्यवसायाला माझा विरोध नाही. परंतु सोनामुखीयुक्त रेचक चूर्णे वैद्याच्या सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेणारे ग्राहक आपल्या दुकानात रोज येतात. त्यांना "किती दिवसांपासून घेता?" एवढे विचारून वैद्यांकडे पाठविले, तरी मोठे कार्य होईल. तपासणी व विक्री एकाच टेबलावर नसावी, हे पथ्य दोघांनीही पाळणे इष्ट.

त्या कार्यालयाच्या व्यवस्थापनास मी, कोणाचेही नाव न घेता, पाहणीचे पत्र दिले. काही महिन्यांनी त्याच मजल्यावरील कुलूपबंद स्वच्छतागृह स्त्रियांसाठी खुले झाले. पुढे त्या भगिनी भेटल्या तेव्हा पाणी व्यवस्थित पीत होत्या आणि मूत्रदाहाची तक्रार उरली नव्हती. हे पत्र पहिल्याच वर्षी द्यावयास हवे होते, याची खंत मात्र आजही आहे.