स्त्रादे ब्यांके

स्त्रादे ब्यांके ही इटलीच्या तोस्काना प्रांतात सिएना शहराच्या परिसरात दरवर्षी साधारणतः मार्चच्या आरंभी होणारी व्यावसायिक सायकलपटूंची एकदिवसीय शर्यत आहे. या इटालियन नावाचा अर्थ 'पांढरे रस्ते' असा होतो. खडी व चुनखडीयुक्त माती यांचे डांबर नसलेले ग्रामीण रस्ते हे तिचे वैशिष्ट्य होय. मिलान-सान रेमो, पॅरिस-रूबे यांसारख्या पाच जुन्या शर्यतींना सायकलविश्वात 'मोन्युमेंट' म्हणतात. त्यांच्या तुलनेत ही शर्यत वयाने फार लहान असूनही तिचा उल्लेख अनेकदा 'सहावे मोन्युमेंट' असा केला जातो.

इतिहास

तोस्कानातील पांढरे रस्ते डांबरीकरणापासून वाचावेत, या हेतूने 1997 साली गायोले इन क्यांती येथे 'लेरोइका' हा हौशी सायकलस्वारांचा उपक्रम सुरू झाला. त्यात जुन्या बनावटीच्या सायकली चालवल्या जातात. त्यातूनच व्यावसायिक शर्यतीची कल्पना पुढे आली. पहिली शर्यत ऑक्टोबर 2007 मध्ये झाली व ती रशियाच्या अलेक्सांद्र कोलोबनेव्हने जिंकली. 2008 पासून शर्यत मार्चमध्ये होऊ लागली. कोविड साथीमुळे 2020 ची शर्यत मात्र 1 ऑगस्ट रोजी कडक उन्हात झाली. महिलांची शर्यत 2015 साली सुरू झाली. 2017 पासून पुरुषांच्या शर्यतीचा समावेश वर्ल्ड टूर या सर्वोच्च श्रेणीत झाला.

मार्ग

2016 पासून शर्यतीचा आरंभ व शेवट दोन्ही सिएना येथे होतात. 2023 साली पुरुषांची शर्यत 184 किमी लांबीची होती व त्यात खडीच्या रस्त्याचे 11 टप्पे होते. 2024 मध्ये ती 215 किमीपर्यंत वाढवण्यात आली. मोन्ते सान्ते मारिये हा सुमारे 11.5 किमीचा टप्पा सर्वांत निर्णायक मानला जातो. तीन वेळा विजयी झालेल्या सायकलपटूचे नाव एखाद्या टप्प्यास देण्याची प्रथा आहे. त्यानुसार 2008, 2012 व 2016 चा विजेता, स्वित्झर्लंडचा फाबियान कान्चेलारा याचे नाव या टप्प्यास दिले आहे. शेवटच्या किलोमीटरमध्ये व्हिया सांता कातेरिना या अरुंद फरसबंदी गल्लीचा चढ लागतो. त्याची तीव्रता 16 टक्क्यांपर्यंत जाते. तो ओलांडून स्पर्धक पियाझ्झा देल कांपो या चौकात पोहोचतात. 'पालियो' ही सिएनाची प्रसिद्ध घोड्यांची शर्यतही याच चौकात होते.

विजयाची शक्यता ठरवणारे घटक

सपाट रस्त्यावर पुढच्या सायकलच्या आडोशाने चालणाऱ्यास बरीच ऊर्जा वाचवता येते. खडीच्या चढावर वेग कमी असल्याने हा लाभ घटतो आणि मोठा जथा लवकर फुटतो. त्यामुळे मोठ्या संघाचे बळ येथे अपुरे पडते व स्पर्धकाच्या वैयक्तिक ताकदीला महत्त्व येते. अखेरच्या चढामुळे केवळ सपाटीवरील वेगावर भिस्त असलेल्या धावपटूला फारशी संधी उरत नाही. पॅरिस-रूबेच्या सपाट, दगडी मार्गावर उपयोगी पडणारे भारदस्त शरीर येथे ओझे ठरू शकते.

सायकलवरील नियंत्रण हा दुसरा घटक होय. झ्देनेक श्टिबार (2015), वाउट व्हान आर्ट (2020), माथ्यू व्हान डर पूल (2021) व टॉम पिडकॉक (2023) हे चारही विजेते सायक्लोक्रॉस या चिखलमातीतील क्रीडाप्रकाराचे माजी विश्वविजेते होते. दुसरीकडे, तूर द फ्रान्ससारख्या बहुदिवसीय स्पर्धांतील कसलेले चढाईपटूही येथे यशस्वी होतात. 2021 मध्ये कोलंबियाचा एगान बेर्नाल तिसरा आला, तर स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने 2022, 2024 व 2025 साली विजय मिळवला.

हवामान आणि दैव यांचाही वाटा असतो. कोरड्या दिवशी धुळीमुळे पुढचे दिसत नाही, तर पावसात रस्त्याचा चिखल होतो. 2018 च्या पावसाळी शर्यतीत तिसऱ्या क्रमांकावर असलेला व्हान आर्ट थकव्याने सांता कातेरिनाच्या चढावर सायकलवरून कोसळला. तरीही पुन्हा स्वार होऊन त्याने तिसरे स्थान राखले. अरुंद टप्प्यावर पंक्चर झाल्यास संघाची मोटार पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून रुंद टायर वापरणे व टप्प्याच्या प्रारंभी पुढच्या फळीत असणे आवश्यक ठरते.

पूर्वी निकाल अनेकदा शेवटच्या चढावर लागत असे. 2021 मध्ये व्हान डर पूलने तेथेच ज्युलियाँ आलाफिलिप व बेर्नाल यांना मागे टाकले. 2022 मध्ये पोगाचारने सुमारे 50 किमी आणि 2024 मध्ये तब्बल 81 किमी एकट्याने आघाडी टिकवून हे चित्र बदलले. 2025 मध्ये उतारावर वेगात पडून जखमी झाल्यावरही त्याने पिडकॉकला मागे टाकले. मार्ग लांबल्याने दमश्वास असलेल्या सर्वांत बलवान स्पर्धकाचा फायदा वाढतो व इतरांसाठी शर्यत दुसऱ्या स्थानापुरती उरते, अशी टीका होते. विजेता ताकदीने ठरावा की चुरस अखेरपर्यंत टिकावी, हा या वादाचा गाभा आहे.

महिलांची शर्यत

पहिली विजेती अमेरिकेची मेगन ग्वार्नियर होती. या शर्यतीत चुरस बहुधा अंतिम चढापर्यंत टिकते. 2023 मध्ये एकाच संघाच्या डेमी व्होलरिंग व लोटे कोपेकी यांच्यातील निर्णय अंतिम रेषेवरील छायाचित्रावरून द्यावा लागला व व्होलरिंग विजयी ठरली. 2024 मध्ये कोपेकीने एलिसा लोंगो बोर्गिनीला, तर 2025 मध्ये व्होलरिंगने आना व्हान डर ब्रेखनला मागे टाकून विजेतेपद मिळवले.