सिंधूची बोली उल्हासच्या काठी

आम्ही अंबरनाथकर कापडचोपडाच्या खरेदीला उल्हासनगर गाठतो. तिथे दुकानदार आमच्याशी मराठीत घासाघीस करतो आणि गड्ड्यावरच्या भावाशी सिंधीत दोन शब्द बोलून भाव ठरवतो. ही सिंधी इथे आली कशी?

१९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत राहू लागली. १९४९ मध्ये तिथे उल्हास नदीच्या नावाने नगर वसले. छावणी गेली, तरी 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' हे पत्ते अजून चालतात.

पंजाब्यांना अर्धा पंजाब उरला, बंगाल्यांना अर्धा बंगाल. सिंध मात्र सगळाच पलीकडे राहिला. १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीला स्थान मिळाले; राज्य मात्र नाही.

भाषा मोठी गोड आणि तितकीच अवघड! तिच्यात 'ब' दोन. साध्या 'ब'चा 'बार' म्हणजे ओझे. श्वास आत ओढून म्हटलेल्या 'ब'चा 'बार' म्हणजे मूल. लिप्याही दोन : एक अरबी वळणाची, बावन्न अक्षरांची, दुसरी आपली देवनागरी.

इथेच खरी अडचण आहे. माझ्या परिचयाचे एक वृद्ध दुकानदार आहेत. त्यांच्या वडिलांची पत्रे अरबी वळणाच्या सिंधीत आहेत. मुलगा बदलापूरला राहायला गेला. शेजार मराठी, शाळा इंग्रजी. नातू सिंधी समजतो, पण उत्तर हिंदीत देतो. आजोबा मला म्हणाले, "भाऊ, घर गेलं, दुकान गेलं, ते पुन्हा उभं केलं. पण ही पत्रं माझ्यामागे कोण वाचणार?"

आपल्याही माळ्यावर पणजोबांची मोडी पत्रे असतात आणि ती आपल्याला वाचता येत नाहीत. पण मोडी गेली तरी मराठी राहिली, कारण दाराबाहेर पाऊल टाकले की ती भेटते. सिंधीला तो आधार नाही. तिचा मुलूख म्हणजे घराचा उंबरठा!

आता दर रविवारी आजोबा बदलापूरला जातात. ते एकेक पत्र वाचून दाखवतात आणि नातू ते देवनागरीत उतरवून घेतो. परवा एका ओळीत त्याने मुलाचे ओझे केले. आजोबांनी त्याच्याकडून तो 'ब' दहा वेळा म्हणवून घेतला.