हरलेल्यास दुसरी संधि

लोणावळ्याहून द्रुतगति मार्गानें पुण्याकडे येऊं लागलें म्हणजे मावळ तालुक्याची हद्द संपतां संपतां गहुंजें गांवचें क्रिकेटचें भव्य क्रीडांगण दृष्टीस पडतें. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचें हें क्रीडांगण २०१२ सालीं सुरू झालें. २०१७ च्या उन्हाळ्यांत ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’ हा संघ याच मैदानाला घर मानून इंडियन प्रीमियर लीगमध्यें खेळत होता. त्या एका हंगामांत या संघानें मुंबई इंडियन्सला तीन वेळां हरविलें, आणि तरीही अजिंक्यपद मात्र मुंबईला मिळालें. हें कसें घडलें व तें कितपत न्यायाचें झालें, याचा विचार करूं लागलें कीं स्पर्धा भरविण्याच्या एका निराळ्या रीतीची ओळख करून घ्यावी लागते.

प्रथम घडलेली हकीकत पाहावी. ६ एप्रिलला गहुंजें येथें पुण्यानें मुंबईला ७ गडी राखून हरविलें. २४ एप्रिलला मुंबईच्या वानखेडे मैदानावर ३ धावांनीं. साखळी सामने संपले तेव्हां मुंबई पहिल्या व पुणें दुसऱ्या स्थानावर होतें. २०११ पासून चालत आलेल्या नियमाप्रमाणें पहिल्या दोन संघांची गांठ पडते. जिंकणारा संघ थेट अंतिम सामन्यांत जातो, परंतु हरणारा बाद होत नाहीं. तिसऱ्या व चौथ्या संघांच्या सामन्यांत जो जिंकेल, त्याच्याशीं खेळण्याची आणखी एक संधि त्यास मिळते. १६ मे रोजीं पुण्यानें वानखेडेवरच मुंबईला २० धावांनीं हरविलें. मुंबईनें दुसऱ्या संधीचा लाभ घेऊन १९ मे रोजीं बंगळूरला कोलकात्याचा पाडाव केला, आणि २१ मे रोजीं हैदराबाद येथें तेच दोन प्रतिस्पर्धी पुन्हां समोरासमोर आले. मुंबईच्या धावा झाल्या १२९. पुण्याला शेवटच्या षटकांत ११ धावा हव्या होत्या. डाव १२८ वर थांबला. एका धावेनें पुण्याचें अजिंक्यपद हुकलें.

नियमभंग कोणीं केला नव्हता. नियम सर्वांना आधींपासून ठाऊक होता. परंतु साखळीनंतरच्या सामन्यांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट मनाला खटकते. मुंबईचा एक पराभव झाला, पुण्याचाही एकच झाला. मुंबईला आपला पराभव भरून काढण्यास एक सामना मिळाला. पुण्याला तो मिळाला नाहीं. ही उणीव ज्या रीतींत राहत नाहीं, तिला दुबार बाद पद्धत म्हणतां येईल. दोन पराभव झाल्याखेरीज कोणासही स्पर्धेबाहेर काढावयाचें नाहीं, हें तिचें मूलतत्त्व होय.

आठ संघ घेऊन ही रीत समजून घेणें सोपें जाईल. कागदाच्या वरच्या भागांत जेत्यांची बाजू व खालच्या भागांत पराभूतांची बाजू आंखून घ्यावी. वर पहिल्या फेरींत चार सामने होतात. जिंकणारे चार संघ वरच राहतात. हरणारे चार खालीं उतरतात, पण घरीं जात नाहींत. खालीं या चौघांचे दोन सामने होतात, आणि त्यांत हरणारे दोघे, दुसरा पराभव पदरीं पडल्यामुळें, बाद होतात. दरम्यान वरच्या चौघांचेही दोन सामने झालेले असतात. तेथें हरलेले दोघे खालीं येऊन खालच्या दोन जेत्यांशीं भिडतात. त्यांतून उरलेल्या दोघांचा आपसांत सामना होतो; त्यांत जो टिकेल त्याला वरच्या बाजूच्या शेवटच्या सामन्यांत हरलेल्या संघाशीं खेळावें लागतें. अशा रीतीनें वर सात व खालीं सहा सामने होऊन, वरून एक अपराजित आणि खालून एक पराभव सोसलेला, असे दोन संघ अंतिम सामन्याला उभे राहतात.

येथेंच या पद्धतीची खरी कसोटी लागते. अंतिम सामन्यांत अपराजित संघ जिंकला तर स्पर्धा संपली. परंतु तो हरला तर तो त्याचा पहिलाच पराभव होय. म्हणून तत्त्वाप्रमाणें त्याच दोन संघांचा आणखी एक सामना खेळविला पाहिजे. खालून आलेल्या संघाला अजिंक्यपदासाठीं वरच्या संघाला दोनदां हरवावें लागतें तें याच कारणानें. हैदराबादला हा नियम लागू असता तर त्या एका धावेनंतर पुणें व मुंबई यांना आणखी एकदां मैदानांत उतरावें लागलें असतें.

एकूण सामने किती होतील हें काढण्यास आकृतीची गरज नाहीं. प्रत्येक सामन्यांत एक पराभव होतो. आठांपैकीं सात संघ बाद व्हावयाचे, म्हणजे चौदा पराभव हवेत. विजेत्याच्या वांट्याला फार तर एक. म्हणून सामने चौदा किंवा पंधरा. साध्या बाद पद्धतींत सातच सामने लागतात. पण चिठ्ठ्या टाकतांना दोन तुल्यबळ संघ पहिल्याच फेरींत समोर आले, तर त्यांतला एक तेथेंच नाहींसा होतो. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें म्हटलें तर अठ्ठावीस सामने भरतात. दुबार बाद पद्धत ही या दोहोंमधली वाट होय.

मैदानाचें भाडें व पंचांचा प्रवास यांचा बोजा जेथें नाहीं, अशा संगणकावरील खेळांत ही रीत विशेष रुजली आहे. अमेरिकेंत भरणाऱ्या ‘इव्हो’ या द्वंद्वाच्या संगणकीय खेळांच्या स्पर्धेंत खालून आलेल्या खेळाडूला अंतिम फेरींत दोनदां जिंकावें लागतें. आपापल्या घरीं बसून जाळ्यावरून खेळणाऱ्या तरुण मंडळींना, किंवा गांवच्या कबड्डी मंडळालाही, ती सहज चालवितां येईल; मात्र कांहीं पथ्यें पाळावीं लागतात.

पहिलें पथ्य मानांकनाचें. पहिला संघ आठव्याशीं, चौथा पांचव्याशीं, दुसरा सातव्याशीं व तिसरा सहाव्याशीं असे सामने लावावे, म्हणजे बलवान संघ आरंभींच एकमेकांवर आदळत नाहींत. दुसरें असें कीं, वरच्या दुसऱ्या फेरींत हरलेला संघ खालीं उतरवितांना आकृतीच्या विरुद्ध अर्ध्यांत घालावा. नाहींतर ज्याला त्यानें नुकतेंच हरविलें, त्याच्याशींच लगेच पुन्हां गांठ पडण्याचा संभव असतो. तिसरें, संघ सहाच आले तर आठाला कमी पडणाऱ्या दोन जागांसाठीं वरच्या मानांकनाच्या दोन संघांना पुढें चाल द्यावी. चौथें पथ्य विश्रांतीचें. पहिल्याच सामन्यांत हरलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला तर तोंपर्यंत त्याचे पांच सामने झालेले असतात, अपराजित संघाचे अवघे तीन. दमलेल्या संघाला श्वास घेण्यापुरता वेळ दिला नाहीं, तर दुसरी संधि ही नांवाचीच ठरते.

शेवटचें पथ्य सर्वांत महत्त्वाचें. अंतिम सामन्याचा निकाल उलटा लागला तर दुसरा सामना होईल कीं नाहीं, हें पहिला सामना सुरू होण्यापूर्वींच जाहीर करावें आणि त्यासाठीं वेळ राखून ठेवावा. वेळ नसेल तर अपराजित संघाला एक डाव आधींच बहाल करण्याची तडजोडही कांहीं आयोजक करतात. ज्या मोठ्या स्पर्धांची तिकिटें व प्रक्षेपण एका ठराविक दिवसाशीं बांधलेलीं असतात, त्यांना दुसऱ्या अंतिम सामन्याची टांगती तारीख ठेवणें अवघड जातें. लहान स्पर्धेला तसली अडचण नसते.

पुण्याचा तो संघ २०१७ नंतर राहिला नाहीं. त्याच्या उण्या पडलेल्या एका धावेनें स्पर्धा भरविणारांपुढें ठेवलेला प्रश्न मात्र कायम आहे: दुसरी संधि द्यावयाची, तर ती कोणाकोणाला आणि कोठपर्यंत? खेळाडू हरला तर तें खेळाचें अंग आहे. परंतु हरण्याचें मोल प्रत्येकाला सारखेंच पडावें, एवढी काळजी आकृती आंखणाऱ्यानेंच घ्यावयाची असते.