ठेक्याची संजीवनी

रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की एरवी कोणालाही वाट न देणारा आपला समाज निमूटपणे बाजूला सरतो. आत निपचित पडलेला रुग्ण आपला कोणी नसला, तरी मनातल्या मनात आपण त्याच्यासाठी हात जोडतो. परंतु त्या रुग्णाच्या उशाशी प्राणवायूची नळी धरून बसलेला जो तंत्रज्ञ असतो आणि पुढे सुकाणूवर जो चालक असतो, त्यांच्या हाती महिनाअखेर काय पडते, हा विचार क्वचितच कोणाच्या मनाला शिवतो. तो शिवावा, अशी वेळ आता आली आहे. या कामगारांची वेतनवाढीची मागणी सरकारच्या औदार्याला घातलेली साद आहे, असा एक समज रूढ झालेला दिसतो. आमच्या मते हा समज मुळातच चुकीचा आहे. कायद्याने जे त्यांचे आहे तेवढे जरी त्यांच्या पदरात टाकले, तरी या प्रश्नाचा मोठा भाग निकालात निघेल. दयेची गरज नाही. सरळ हिशेबाची आहे.

या हिशेबासाठी आम्ही मुद्दाम बोरगावचे उदाहरण घेत आहोत. नागपूरहून सावनेर ओलांडून छिंदवाड्याच्या वाटेला लागले, की महाराष्ट्राची हद्द संपल्यावर थोड्याच अंतरावर सौंसर तहसिलीतले हे गाव लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी बोलणारा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. संत्र्यांच्या बागा आणि कारखान्यांची वसाहत अशी दुहेरी ओळख या भागाला आहे. रेमंडची कापडगिरणी तेथे १९९१ पासून चालू आहे. मालवाहू वाहनांची रीघ, यंत्रांवर राबणारे हात, शेतातली फवारणी, पावसाळ्यातले सर्पदंश आणि आडगावातल्या बाळंतिणी, अशी संकटांची जितकी कारणे संभवतात तितकी सारी येथे एकत्र नांदतात. संकट किरकोळ असेल तर सौंसरचे रुग्णालय पुरते. जिवावरचे असेल तर नातलगांच्या तोंडी पहिले नाव नागपूरचे येते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. तेव्हाही अत्यवस्थ लेकरांना घेऊन आईबापांनी नागपूरच गाठले होते.

किनारपट्टीवरच्या आमच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. सावंतवाडी-दोडामार्गचा अत्यवस्थ रुग्ण राज्याची सीमा ओलांडून गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाकडे धाव घेतो, आणि बोरगावचा रुग्ण सीमा ओलांडून नागपूरकडे. दोन्हीकडे मधला तास-दीड तास रुग्णाचे प्राण ज्यांच्या हवाली असतात, ती माणसे एकाच व्यवस्थेची लेकरे आहेत. १०८ या क्रमांकाची ही व्यवस्था २००५ च्या १५ ऑगस्टला हैदराबादेत सुरू झाली. गोव्यात ती २००८ मध्ये आली, मध्य प्रदेशात २००९ मध्ये ‘संजीवनी’ हे नाव घेऊन अवतरली, आणि महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताकदिनापासून ९३७ गाड्यांनिशी तिचा आरंभ झाला. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये गाड्यांची संख्या २,०५२ वर नेण्यात आली. ही प्रगती खरी आहे आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. पूर्वी बैलगाडीत वा उसन्या जीपमध्ये ज्यांचा शेवट झाला असता, असे कितीतरी जीव या गाड्यांनी वाचवले. पण गाड्या सरकारच्या खर्चाने आणि माणसे ठेकेदाराच्या मर्जीने, हा जो विभागणीचा पायंडा पडला, त्यातच आजच्या दुखण्याचे मूळ आहे.

आधी कामाच्या तासांकडे पाहू. या सेवेत बारा तासांची पाळी हा जणू शिरस्ताच होऊन बसला आहे. आठ तासांचा दिवस ही या देशात काल-परवाची गोष्ट नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळत होते, त्या काळात कारखान्यांतील आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणण्याची पावले पडली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा तासांना दुप्पट दर बांधून दिला. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांनाही आठ तासांची मर्यादा लाभली. परंतु त्याच कायद्याच्या एका कलमाने आजारी व जखमी माणसांची ने-आण करणारी वाहने त्यातून वगळली होती! मालमोटारीच्या चालकाला विसावा हवा, हे आमच्या कायदेकर्त्यांना उमगले; मरणासन्न रुग्ण घेऊन रात्री-बेरात्री धावणाऱ्या चालकाला तो हवा, हे मात्र उमगले नाही. हा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून, जादा कामाला दुपटीहून कमी दर देता येणार नाही, असे वेतन संहितेत स्पष्ट म्हटले आहे.

आता या नियमाचा आकड्यांतला अर्थ ध्यानी घ्यावा. मध्य प्रदेशात एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार कुशल कामगाराचे किमान मासिक वेतन १४,५१९ रुपये होते. ते आठ तासांच्या दिवसाचे आहे. जो बारा तास राबतो, त्याचे वरचे चार तास दुप्पट दराने आठ तासांच्या मोलाचे होतात. म्हणजे त्याच्या दिवसाची किंमत सोळा तासांची, आणि त्याचे वेतन किमान वेतनाच्या बरोबर दुप्पट, म्हणजे २९,०३८ रुपये व्हावयास हवे. हा काही आमच्या पदरचा सिद्धान्त नव्हे. चौथीतल्या मुलालाही सुटेल असे हे गणित आहे. बारा तासांची पाळी लावून आठ तासांचा पगार मोजणाऱ्या ठेकेदाराकडे कामगाराचे अर्धे वेतन दरमहा थकीत राहते, इतकाच याचा अर्थ.

आणि तो किमान दरही किती कूर्मगतीने वाढला! १९४८ च्या किमान वेतन कायद्याने दर पाच वर्षांच्या आत फेरविचार बंधनकारक केला होता. मध्य प्रदेशात २०१४ नंतरची फेररचना अमलात यायला २०२४ चा एप्रिल उजाडला. ती आली, तोच मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात तिला स्थगिती मिळाली, आणि ती उठायला डिसेंबर यावा लागला. महागाईला मात्र कोणत्याही न्यायालयाची स्थगिती नव्हती.

वेतन इतके दडपले का जाते, याचे उत्तर निविदेच्या कागदात सापडते. ठेका सामान्यतः कमीत कमी दर भरणाऱ्याला मिळतो, आणि मोबदला गाडीमागे वा किलोमीटरमागे ठरतो. डिझेलचा भाव ठेकेदाराच्या हाती नाही, टायरचा नाही, औषधांचाही नाही. ज्यावर त्याला हात फिरवता येतो अशी एकच बाब उरते, ती म्हणजे माणसाचा पगार. म्हणजे निविदा जिंकली जाते ती बहुधा कामगाराच्या ताटातला घास कमी करूनच. शिवाय ठेका बदलला की तीच गाडी, तोच रस्ता, तोच माणूस. पण त्याची नोकरी मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून. दहा वर्षांच्या अनुभवाला कवडीमोल ठरवणारी ही पद्धत आहे. अशा सेवेत शहाणा माणूस टिकत नाही, आणि गाडीत बसलेला माणूस नवखा असला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

हे दुखणे केवळ आपलेच आहे असेही नव्हे. ब्रिटनमध्ये १९८९-९० च्या हिवाळ्यात रुग्णवाहिका कामगारांनी वेतनासाठी कित्येक महिने लढा दिला. सरकारने पोलीस आणि लष्कर रस्त्यावर आणले. तत्कालीन आरोग्यमंत्री केनेथ क्लार्क यांनी या कामगारांची संभावना ‘व्यावसायिक चालक’ अशी केली आणि लोकमत खवळून उठले. चाळीस लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्यांचे निवेदन पार्लमेंटपुढे गेले, आणि अखेर दोन वर्षांत सुमारे सतरा टक्के वाढीवर तडजोड झाली. तेथे कामगार जिंकले ते जनता त्यांच्या पाठीशी उभी राहिली म्हणून. आपल्याकडे त्यांनी संपाचा उच्चार करताच राज्यकर्त्यांना ‘अत्यावश्यक सेवा’ हे शब्द आठवतात, आणि वेतनाचा विषय निघाला की ‘ती ठेकेदाराची माणसे’ हे उत्तर तयार असते. सेवा संपाच्या दिवशी अत्यावश्यक आणि पगाराच्या दिवशी परकी, हे कसे चालेल? २०२० मध्ये कोरोनाच्या ऐन साथीत केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला, तेव्हा त्यात कंत्राटी माणसांचाही समावेश होता. मरणाच्या प्रसंगी जो भेद सरकारला गैर वाटला, तो जगण्याच्या प्रसंगी योग्य कसा ठरतो, याचे उत्तर कोणी तरी द्यावयास हवे.

पैसा कोठून आणावा, हा आक्षेप अपेक्षितच आहे. त्याचाही हिशेब मांडू. मध्य प्रदेशातील २,०५२ गाड्यांवर प्रत्येकी पाच माणसे धरली, आणि त्यांना एप्रिल २०२४ च्या दरांनुसार एकेरी किमान वेतनच मिळते असे मानले, तर ते दुप्पट करण्यास वर्षाला सुमारे १७९ कोटी रुपये लागतील. यांतील हजारावर गाड्या बाळंतिणींच्या वाहतुकीच्या आहेत आणि त्यांवर माणसे कमी असतात, तेव्हा हा अंदाज चढाच आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ७ कोटी २६ लाख होती. तिच्यावर हा बोजा वाटला, तर माणशी वर्षाला पंचवीस रुपयेही होत नाहीत. आणि त्याहून शहाणपणाचा मार्ग याच रकमेत दडलेला आहे. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या, तर माणसे दीडपट लागतात, पण दुप्पट दराचे जादा तास उरत नाहीत. म्हणजे तेवढ्याच पैशांत तिसरी पाळी नेमून, वर प्रत्येकाचे वेतन एक तृतीयांशाने वाढवून ते १९ हजारांच्या पुढे नेता येते. चालकाला झोप, बेकार तरुणाला काम आणि रुग्णाला ताजातवाना माणूस, असा हा तिहेरी लाभ आहे.

तेव्हा उपाय काय करावयाचे ते सांगतो. पहिली गोष्ट, निविदेतून वेतनाची बाब स्पर्धेबाहेर काढावी. सरकारने वेतन ठरवून द्यावे, ते जसेच्या तसे कामगाराला पोचते करावे, आणि ठेकेदारांनी चढाओढ करावयाची ती केवळ व्यवस्थापनाच्या मोबदल्यात करावी. दुसरी, मागील महिन्याचे वेतन कामगारांच्या बँकखात्यांत जमा झाल्याचा पुरावा दाखवल्याखेरीज ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये. ठेकेदाराने पगार बुडवल्यास तो चुकता करण्याची जबाबदारी मूळ मालकाची असते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मान्य आहे. येथे मूळ मालक सरकारच आहे. तिसरी, ठेका बदलला तरी नोकरीचे सातत्य अबाधित राहावे आणि अनुभवाच्या वर्षांना वेतनश्रेणी जोडावी. चौथी, २०२१ च्या संबद्ध आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला मान्यताप्राप्त व्यावसायिक म्हणून स्थान दिले आहे. त्या मान्यतेला साजेसा दर्जा आणि दर त्याला मिळावा. समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सांगितलेच आहे. हरियाणात रुग्णवाहिकांची सेवा सरकारी आरोग्य यंत्रणेनेच चालवली. तोही मार्ग खुला आहे.

पैशाची सबब सांगणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे समोर ठेवावेत. १९९२ मध्ये बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडून गंभीर जखमी झाला आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दारातून परत पाठवले. त्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की वेळेवर उपचार मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि आर्थिक अडचणीचे कारण पुढे करून राज्याला त्यातून सुटता येणार नाही. सुसज्ज रुग्णवाहिका आणि तीत वैद्यकीय माणसे असावीत, याचाही त्यात निर्देश होता. त्याच्या आधी, १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेल्या कामाला वेठबिगार म्हटले होते. हे दोन्ही निवाडे एकत्र वाचले, की एका नागरिकाच्या जगण्याचा हक्क दुसऱ्या नागरिकाच्या वेठीवर उभा करता येणार नाही, हे निराळे सांगावे लागत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात दगडांचा वर्षाव चालतो आणि दरसाल शेकडो माणसे रक्तबंबाळ होतात. त्या प्रथेविषयी आमचे मत काय, हा वेगळा विषय आहे. पण त्या दिवशी काठावर रुग्णवाहिका उभ्या असतात आणि त्यांतली माणसे, जखमी कोणत्या तीरावरचा हे न विचारता, त्याला उचलतात. दोन्ही तीरांना ज्यांची सारखीच गरज आहे, त्यांच्या वेतनाची जबाबदारी मात्र सरकार ठेकेदाराकडे आणि ठेकेदार सरकारकडे भिरकावतो. ही गोटमार तरी थांबली पाहिजे, आणि ती थांबवण्यासाठी कोणाच्या श्रद्धेला हात लावावा लागत नाही. बारा तासांच्या हजेरीपत्रकावर बारा तासांचे दाम मांडण्याइतकी लेखणी सरकारच्या हाती आहे. येत्या निविदेत ती चालते की नाही, ते पांढुर्ण्यातल्या आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मतदाराने डोळ्यांत तेल घालून पाहावे.