बर्फ नाही, टोक नाही. मग मैकलचा डोंगर तैलरंगात रंगवायचा कसा?

बालाघाट : चित्रकला शिकणाऱ्या मुलाला ‘डोंगर काढ’ म्हटलं की कागदावर आधी दोन-तीन त्रिकोण येतात, वर पांढरा बर्फ आणि मधून उगवणारा सूर्य. बैहरकडे जाताना दिसणारी मैकलची रांग मात्र बसकी, गोलसर, साल-सागाने झाकलेली. कॅलेंडरवरचा हिमालय बघून ती रंगवता येत नाही.

वाट शेजारच्याच जिल्ह्यातल्या माणसाने दाखवली आहे. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाला जन्मले. वडील जंगल खात्यात. शिक्षण नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये, पुढे मुंबईच्या जे.जे.मध्ये. १९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रं काढायला गेले, तिथे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रांत बांधणी कमी पडते, सेझान बघा, असा सल्ला त्यांनी दिला. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले.

सेझान यांनी दक्षिण फ्रान्समधला सँत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर वर्षानुवर्षं परत परत रंगवला. त्याची उंची जेमतेम हजार मीटर. रंगाचे छोटे पट्टे एकाशेजारी एक ठेवत त्यांनी तो उभा केला. रझा हे शिकले आणि मग हळूहळू मोकळे झाले. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेल्यावर तिथल्या चित्रकारांचा मोकळा हात त्यांनी पाहिला. त्यानंतरच्या चित्रांत घर, झाड, टेकडी वेगळी ओळखू येत नाही. फटकाऱ्यांतून मंडल्याच्या जंगलातली रात्रच अंगावर येते. लोकांना आठवतो तो त्यांचा बिंदू आणि लिलावातले कोटी. ही चित्रं उगाच मागे राहिली.

आता प्रत्यक्ष काम. पांढऱ्या कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेला मातकट तपकिरी रंग आधी फासून घ्यावा. अंबर नावाचा रंग याला बरा. तो लोह आणि मँगनीज असलेल्या मातीचा असतो आणि मँगनीजमुळे तेल लवकर सुकतं. भरवेलीच्या खाणीमुळे मँगनीज बालाघाटकरांना नवं नाही!

मग डोळे किलकिले करून बघावं. झाडं मोजू नयेत, तीन-चार मोठे आकार शोधावेत. लांबची रांग फिकट निळसर, जवळची गडद आणि उबदार. फटकाऱ्याला दिशा हवी, खरी गोम इथेच आहे. उतार जिकडे घसरतो तिकडेच ब्रश ओढायचा. कडा असेल तर उभा, पठार असेल तर आडवा. सालाच्या दाट रानाला चपट्या, राठ केसांच्या ब्रशने तुटक ठोके. रंग भरपूर घ्यायचा, एकदा लावायचा आणि हात काढून घ्यायचा. त्याच जागी चार वेळा घोळलं की चिखल होतो. सगळ्यांचं चित्र बिघडतं ते इथेच.

खाली पातळ, वर जाड आणि तेलकट, हा क्रम मोडू नये. कारण तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा हलत राहिला, तर तडे जातात. हे तेल जवसाचंच, धान उभं असतानाच बांधीत फेकतात त्या जवसाचं. पण घाण्यावरचं तेल थेट रंगात घालू नये, ते जास्त पिवळं पडतं. दुकानातलं शुद्ध केलेलंच बरं.

पावसाळ्यात ओलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं तर बुरशी धरू शकते. दिवाळीनंतर हवा स्वच्छ असते, रांगा नीट दिसतात, तेव्हा सुरुवात करावी. जाड फटकारे आतून वाळायला महिने लागतात, त्यामुळे व्हार्निशसाठी थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.